माणसे गेली, संस्था उरल्या : बेने इस्रायल समाजाच्या मंडळांची कथा



वसंत ऋतूत सार्वजनिक व्याख्याने भरविण्याची प्रथा महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यास १८७५ साली सुरू झाली. त्याच १८७५ साली मुंबईत हाईम सॅम्युएल किहीमकर नावाच्या गृहस्थांनी आपल्या बंधूंच्या व मित्रांच्या साहाय्याने एक शाळा काढली. किहीमकर हे आडनाव ऐकून ते कोकणातले कोणी ब्राह्मण किंवा प्रभू असावेत असे वाटेल. ते धर्माने यहुदी होते, आणि त्यांची शाळा ‘इस्राएलाइट स्कूल’ या नावाने प्रसिद्धीस आली. एकाच वर्षी पुण्याला व्याख्यानमाला आणि मुंबईला ज्यू मुलांची शाळा, ही जुळणी मला केवळ योगायोगाची वाटत नाही. सभा, मंडळ, फंड, परिषद ही त्या काळच्या महाराष्ट्राची बोली होती, आणि मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीही तीच बोली उचलली. या समाजाने उभारलेल्या संस्थांचे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात काय झाले, हा आजचा विषय आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या गावाचाही आहे : ज्यांच्यासाठी संस्था काढली ती माणसेच गाव सोडून गेली, तर संस्थेचा उपयोग काय झाला म्हणावयाचा?

प्रथम ही माणसे कोण ते पाहू. आपल्याकडे करडईचे घाणे होते. कोकणात तीळ आणि खोबरे गाळणारे घाणे असत. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तेल गाळणारी काही कुटुंबे शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपले पूर्वज प्राचीन काळी समुद्रात गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर तपासता येत नाही. पण शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती, यात संशय नाही. भाषा मराठी, पेहराव मराठी, आणि आडनावे गावावरून पडलेली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. आपल्याकडचा माणूस परगावी गेला की जसा जळकोटकर होतो, तसेच हे. ते स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलचे पुत्र म्हणवीत.

इंग्रजी अमलात ही कुटुंबे मुंबईस आली. कोणी सुतारकामात शिरले, कोणी पलटणीत, पुढे कोणी रेल्वेत, कस्टम्समध्ये आणि कचेऱ्यांत. पलटणीतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेने त्यांनी हे केले असे परंपरा सांगते. त्याचे नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्रायल लोक बोलताना आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत. पुढे अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथेही प्रार्थनामंदिरे झाली.

या मंदिरांचा कारभार कसा चाले, हे पाहण्यासारखे आहे. मुख्याला मुकादम म्हणत. त्याच्या हाताखाली चौगुला. हिशेब पाहणारा गबाई. प्रार्थना म्हणणारा हज्जान. आणि वरकामाला शमाश. यांतली निम्मी नावे हिब्रू आहेत आणि निम्मी आपल्या गावगाड्यातली. लग्न, मर्तिक, भांडण, दंड, सारे या मंडळींपुढे चाले. म्हणजे यहुदी समाजाची पहिली संस्था ही आपल्या जातपंचायतीच्याच साच्यातून निघाली होती. दंडाचा पैसा मंदिराच्या पेटीत पडे, आणि ती पेटी विधवेच्या व निराधाराच्या उपयोगी पडे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पंचायतीच्या शेजारी नव्या तऱ्हेची मंडळे उभी राहू लागली. मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू शिकलेले तरुण आता आपला धर्मग्रंथ मुळातून वाचू शकत होते. जोसेफ इझिकेल राजपूरकर या विद्वानाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांची कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत रचून, पेटी-तबल्याच्या साथीने, आपल्या हरिदासी कीर्तनाच्या थाटात होत. ती करविण्यासाठी मंडळ, मंडळासाठी वर्गणी, वर्गणीसाठी वही. ज्याला आपण आज सार्वजनिक कार्य म्हणतो त्याचे सारे अवयव त्यात आले.

यानंतर या मंडळांची संख्या वाढत गेली. १९१३ साली स्त्रियांनी आपले स्त्री मंडळ काढले. १९१७ मध्ये पहिली बेने इस्रायल परिषद भरली. ठराव, कार्यकारी मंडळ, वार्षिक अहवाल, अशा सर्व रीतीने ती चालली. शिक्षणासाठी मदत, पतपेढी, अनाथ व निराधारांसाठी आश्रम, ही कामे परिषदेच्या चळवळीतून पुढे आली. लगेच १९१८ मध्ये ‘ऑल इंडिया इस्राएलाइट लीग’ ही दुसरी संस्था निघाली. मतभेद काही अंशी नेतृत्वाचा होता आणि काही अंशी राष्ट्रीय राजकारणाकडे कसे पाहावे याविषयीचा. अवघ्या काही हजारांच्या समाजात दोन अखिल भारतीय संस्था! आपण हसू नये. आपल्या गावातही एका चौकात दोन मंडळे असतातच. १९२५ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ या नावाने सुधारक पंथाची संस्था झाली. तिच्यामागे डॉ. जेरुशा झिराड होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव मुंबईत मोठे होते. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समाजातीलच डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळी भागातील डॉ. ई. मोझेस मार्ग तो त्यांच्या नावाचा.

किहीमकरांच्या शाळेलाही पुढे मोठा दाता भेटला. मूळचे बगदादचे आणि चीनच्या व्यापारात श्रीमंत झालेले सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावची ही शाळा ‘सर एली कदूरी स्कूल’ झाली. येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईत दुसरेही ज्यू होते : ससून घराण्यासारखे, बगदादकडून आलेले, अरबी बोलणारे आणि पुढे इंग्रजी रीतीचे. त्यांनी भायखळ्यास आणि पुण्यास भव्य सिनेगॉगे बांधली. पुण्याचे लाल देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पण त्यांतील बरेच जण बेने इस्रायलांना पुरते ज्यू मानीत नसत. प्रार्थनेसाठी दहा पुरुषांचा कोरम लागतो, त्यात त्यांना मोजण्यास कुरकुर करीत, आणि दफनभूमीत भिंत असावी असेही म्हणत. ज्या समाजाने स्वतः जातिभेदाचे दुःख जगभर भोगले, त्याच्याच घरात ही भिंत! बेने इस्रायलांच्या संस्था इतक्या जिद्दीने उभ्या राहण्याचे हेही एक कारण होते. दुसऱ्याने पंक्तीला घेतले नाही, की माणूस आपली चूल मांडतो.

जगात इतरत्र ज्यूंनी अशाच संस्था काढल्या होत्या. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला जर्मनीहून आलेल्या बारा ज्यूंनी ‘बनाई ब्रिथ’ हा बंधुसंघ स्थापन केला. नावाचा अर्थ ‘कराराचे पुत्र’; आपल्या बेने इस्रायलमधील ‘बेने’ तोच. सभासद वारला तर अंत्यविधीला ३० डॉलर आणि त्याच्या विधवेला आठवड्याला १ डॉलर, हे त्यांचे पहिले काम. त्यानंतर पूर्व युरोपातून लाखो गरीब ज्यू अमेरिकेला गेले, तेव्हा प्रत्येक गावाचे वेगळे मंडळ निघाले. यिद्दिश भाषेत त्यांना ‘लांड्समनशाफ्ट’ म्हणत. मुंबईत चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे असतात, तीच ही जात. आजाऱ्याला मदत, नव्याने आलेल्याला कर्ज, आणि परक्या देशात मेलेल्याला आपल्या माणसांशेजारी जागा.

दुसऱ्या महायुद्धाने या मंडळांवर जो प्रसंग आणला तो कोणाही मंडळावर येऊ नये. ज्या गावांच्या नावाने ती निघाली होती ती गावेच हिटलरने ज्यूंपासून रिकामी केली. साठ लाख ज्यू मारले गेले. युद्धानंतर या मंडळांनी वाचलेल्यांचा शोध घेतला, त्यांना पैसे आणि कपडे पाठविले, आणि मग एक विलक्षण काम केले. आपल्या नष्ट झालेल्या गावाचा स्मृतिग्रंथ काढावयाचा : गल्ल्या, दुकाने, विहिरी, शिक्षक, मेलेल्यांची नावे. असे शेकडो ग्रंथ निघाले. जमीन राहिली नाही तेव्हा वहीच गाव झाली.

मुंबईला या संकटाची झळ लांबून, पण लवकर लागली. जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्येच मुंबईत ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाले. युरोपातून निसटून आलेल्या निराश्रितांची हमी घ्यावयाची, राहण्याची सोय लावावयाची, डॉक्टर असेल त्याला धंद्याला लावावयाचे, हे त्याचे काम. त्याच १९३४ साली वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार मुंबईस आला आणि १९४६ पर्यंत येथे राहिला. आकाशवाणीची जी ओळखधून आपण पहाटे रेडिओ लावताच ऐकत आलो, ती त्याच्याच नावावर आहे. ज्या युरोपने त्याला घालविले त्याचा सूर असा आपल्या खेड्यांतल्या चुलीपर्यंत आला.

युद्ध संपले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला; १४ मे १९४८ रोजी इस्रायलची स्थापना झाली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा आपल्या मुक्तीचा दिवस आपण विसरणे शक्य नाही. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९५० रोजी, भारत सरकारने इस्रायलला मान्यता दिली. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये जुळले. मधली चार दशके मुंबईतील इस्रायली वकिलातीवरच काम भागले.

आता येथे बेने इस्रायलांपुढे प्रश्न उभा राहिला. भारतात त्यांचा धर्मासाठी छळ कधी झाला नव्हता. ही गोष्ट त्या समाजाचे लोक स्वतः आजही अभिमानाने सांगतात. मग जावयाचे का? कारणे अनेक होती. रोजच्या प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचे नाव येई तेथे जाता येईल, हे मुख्य. रेल्वे, कस्टम्स, तार-टपाल या खात्यांतील नोकऱ्यांवर समाज पोसला होता, आणि इंग्रज गेल्यावर पुढे काय, ही धाकधूक होती. समाज लहान, म्हणून मुलीला स्थळ मिळणे अवघड. एक भाऊ गेला की दुसऱ्याची पावले तिकडे वळत. ज्यू एजन्सी प्रवासाची व्यवस्था करी. १९५१ च्या शिरगणतीत भारतात सर्व मिळून सुमारे २६ हजार ज्यू होते. १९७१ मध्ये ते सहा हजारांच्याही आत आले. बहुतेक गेले ते इस्रायललाच. काही इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे.

वीस वर्षांत समाजाचा तीनचतुर्थांश भाग निघून जातो तेव्हा मंडळांचे काय होते, याची कल्पना करून पाहा. चिटणीस गेला, त्याच्या जागी नेमलेला खजिनदारही पुढच्या बोटीने गेला. कोकणातील मंदिरांत दहा पुरुष जमेनात. परिषदेला प्रतिनिधी कोठून आणावयाचे? तथापि याच काळात बाहेरच्या संस्थांनी येथे हात दिला. युरोपातील युद्धग्रस्तांसाठी राबलेली अमेरिकेतील ‘जॉइंट’ ही मदतसंस्था, आणि १८८० मध्ये रशियात हातकामाचे शिक्षण देण्यासाठी निघालेली ‘ओआरटी’ ही संस्था, या दोघी १९६० च्या दशकात मुंबईत काम करू लागल्या. ओआरटीच्या शाळेत मुलांना यंत्रकाम आणि मुलींना उद्योगाचे शिक्षण मिळे. जाणाऱ्याला परदेशी धंदा मिळावा आणि राहणाऱ्याला येथे भाकरी मिळावी, असे दोन्ही हेतू त्यात साधत. बेने इस्रायल आणि बगदादी यांना एकत्र आणणारे मंडळही मुंबईत याच सुमारास काम करीत होते. शेजारी कमी झाले की भिंतीची आवश्यकता उरत नाही, हे सत्य उशिरा का होईना पटले.

परंतु या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग मुंबईत घडला नाही; तो इस्रायलात घडला.

तेथे गेलेल्या बेने इस्रायलांना वाळवंटातील बीरशेबासारख्या नव्या वसाहतींत ठेवण्यात आले. काम कष्टाचे, घरे अपुरी, आणि सावळ्या रंगाकडे पाहण्याची दृष्टी निराळी. १९५१ च्या अखेरीस त्यांतल्या काही जणांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर बैठा सत्याग्रह केला : आम्हाला भारतात परत पाठवा! दगड नाही, लाठी नाही. आपल्याकडे ज्याला धरणे म्हणतात ते. १९५२ मध्ये सुमारे दीडशे लोकांना परत मुंबईस आणण्यात आले. पुढे त्यांतील अनेक पुन्हा इस्रायलला गेले.

याहून मोठा प्रसंग दहा वर्षांनी आला. इस्रायलात विवाह धर्मपंडितांच्या हाती असतात. बेने इस्रायलांनी शतकानुशतके धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट व पुनर्विवाह केले होते की नाही, यावर तेथील काही पंडितांनी शंका काढली. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने तत्त्वतः विवाहास अनुमती दिली. पण १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांनी वधूवरांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले. म्हणजे मुंबईतील दफनभूमीची भिंत जेरुसलेमात पुन्हा उभी राहिली. ज्या भूमीसाठी घर सोडले तिनेच विचारले : तुम्ही खरे ज्यू कशावरून?

बेने इस्रायलांनी पुन्हा तीच वाट धरली. कृती समिती नेमली, ठराव केले, निवेदने दिली, वर्गणी जमविली. मुंबईतही निषेध झाला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून येऊन त्यांनी जेरुसलेममध्ये कुटुंबांसह ठिय्या दिला आणि काही आठवडे तो हलविला नाही. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत, त्यांच्यात व इतरांत भेद नाही, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाला आपल्या सूचनांतून त्यांचा उल्लेख काढावा लागला.

हे बळ कोठून आले? ही माणसे श्रीमंत नव्हती. नव्या देशाची भाषा त्यांना धड येत नव्हती. मोठे पुढारी त्यांच्यात नव्हते. परंतु सभा कशी भरवावी, अध्यक्ष कसा निवडावा, मतभेद असूनही ठराव एकमुखाने कसा मांडावा, वर्गणीची पावती कशी द्यावी, हे त्यांना माहीत होते. मुकादम-चौगुल्याच्या पंचायतीपासून स्त्री मंडळ आणि परिषदेपर्यंत चार पिढ्यांनी त्याचा सराव केला होता. मुंबईतील परिषदेचे ठराव कागदावर राहिले असतील. पण ठराव करण्याची सवय त्यांच्याबरोबर गेली. आणि बैठ्या सत्याग्रहाची रीत तर त्यांनी येथल्याच हवेत घेतली होती. इस्रायलातील या लोकांनी नंतर ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, मराठी मेळावे भरविले, मलिद्याचे ताट ठेवून एलियाहू हानाबीची आठवण केली. तेथेही पुन्हा मंडळे निघाली, आणि खरे सांगावयाचे तर पुन्हा मतभेदही निघाले!

इकडे मागे राहिलेल्या संस्थांचे काय? माझगावची कदूरी शाळा बंद पडली नाही. ज्यू मुले गेली आणि वर्गांत शेजारच्या वस्तीतील मुले आली, बहुसंख्य मुसलमान. यहुदी दात्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतीत मुसलमान मुले शिकत आहेत, आणि फळ्यावर तेच गणित आहे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये आजही प्रार्थना होते. कोकणातील काही मंदिरे मूठभर कुटुंबे सांभाळतात, आणि परदेशी गेलेले त्यांच्या दुरुस्तीला पैसे पाठवितात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. लोकसंख्या सर्वाधिक होती तेव्हा जो मिळाला नाही तो दर्जा माणसे थोडी उरल्यावर मिळाला, हे खरे. पण त्यासाठी मागणी करणारी संघटना त्या थोड्यांतही शिल्लक होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

या संस्थांची उणीवही सांगितली पाहिजे. परिषद आणि लीग यांचे भांडण समाजाला परवडण्यासारखे नव्हते. शहरातील शिकलेल्यांचा त्यांच्यावर पगडा होता. कोकणातल्या घाण्यावरचा तेली सभासदाच्या यादीत क्वचितच दिसला असेल. आणि माणसांनी येथेच राहावे असे कारण त्या निर्माण करू शकल्या नाहीत. एवढे मोठे काम मंडळाकडून होत नसते. पण जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू झाकू नये.

श्रोतेहो, आपले गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. या रस्त्याने आपली मुले सोलापूरला, पुण्याला, हैदराबादला जातात, आणि त्यांतली बरीच परत येत नाहीत. मग वाचनालयात कोणी बसत नाही, भजनी मंडळाला टाळकरी मिळत नाही, आणि पतसंस्थेच्या सभेला गणसंख्या भरत नाही. अशा वेळी ‘कोणासाठी करावयाचे?’ असा प्रश्न कार्यकर्त्याच्या तोंडी येतो. बेने इस्रायलांचा इतिहास त्याला दोन उत्तरे देतो. जो गेला तो तुमच्या मंडळात सभा चालवावयास शिकून गेला असेल, तर परक्या गावात कोणी त्याला पंक्तीबाहेर बसविले असता तो गप्प राहणार नाही. आणि जी शाळा तुम्ही आपल्या मुलांसाठी बांधली तीत उद्या दुसऱ्यांची मुले बसतील. त्यांची नावे तुमच्या पाहणीतली नसतील. पण पाटीवर तीच अक्षरे गिरवतील. किहीमकरांनी १८७५ मध्ये ज्या शाळेचा पाया घातला तिच्यात आज त्यांच्या समाजाची मुले जवळजवळ नाहीत. तरीही रोज सकाळी तेथे घंटा होते.